दादाने केलेला कागद

दादा गेल्याचा फोन शेजारच्या दुकानात आला, तेव्हा मी सासरच्या गावी, धावड्यात, दुसऱ्याच्या ओसरीवर राहत होते. सव्वा महिना झाला. त्याच्यासाठी रडू येतं आणि रडतानाच तो कागद आठवतो... स्वतःची लाज वाटते.

एक्क्याऐंशी साली वडील वारले. दादा वकिली शिकत होता. पिंपळगावची जमीन त्याच्या एकट्याच्या नावावर करायची म्हणून मला माहेरी बोलावलं. आमच्याकडे बहिणी हक्कसोड करून देतात, नाही म्हटलं तर माहेर तुटतं. भोकरदनच्या कचेरीत मी कागदावर बोट ठेवून वाचू लागले. दादा हसला. "काय वाचून राह्यली सुमे? भाऊ वकील होऊन राह्यला ना तुझा! कर जल्दी, गाडी जाईल." मी सही केली.

पुढे दादा न्यायाधीश झाला, शेवटी हायकोर्टातही बसला. तो परभणीला असताना मी एकदा त्याच्या कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. पिंजऱ्यात माझ्यासारखीच एक बाई उभी होती. दादाने विचारलं, "सही करताना कागद वाचून दाखवला होता का?"

"न्हाई साहेब. भावाचा कागद, मंग काय वाचायचा?"

दादा बराच वेळ खाली मान घालून लिहीत राहिला. पुढे निकालात तिला तिची जमीन त्याने परत मिळवून दिली. पण साक्षीच्या त्या दिवशी घरी जेवताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही ताटातच बघून जेवले.

नवरा वारला, दिरांनी घराबाहेर काढलं, तरी जमिनीचं बोलले नाही. शेवटी दवाखान्यात त्याला भेटायला गेले, तेव्हा तोच म्हणाला, "सुमे, दोन एकराचा कागद करून ठेवलाय तुझ्या नावाचा." कुठे ठेवलाय, हे विचारायला जीभ रेटली नाही. चौथ्या दिवशी तो गेला.

भाचा म्हणतो, "आत्या, कागद असता तर आम्हाला बोलले नसते का आबा?" वहिनी भली. औरंगाबादच्या घरातली दादाची खोली तिने उघडून दिली. "बघा वन्सं, हवं तितकं."

भिंतभर कायद्याची पुस्तकं, सगळी इंग्रजी. एकेक काढते, पानं उलटते, उलटं धरून झटकते. काल त्याच्या अक्षरातली चिठ्ठी पडली. उजेडात धरली... धोब्याकडे दिलेल्या कपड्यांची यादी होती. काळा कोट एक, पांढरे सदरे चार. दोनदा वाचली.

आता खिडकीजवळचं एकच कपाट राहिलंय. त्याला हात लावायचा धीर होत नाही.