तेल वर चढू द्या, पाव्हणं

माझ्या दाजींइतका सावकाश ट्रॅक्टर चालू करणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याची बायको माझ्या ताईइतकी सोशीक नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दिंडोरीच्या पुढे, डांबरी सडकेपासून तीनेक किलोमीटर आत त्यांचा मळा आहे. द्राक्षाची बाग, बांधावर चार आंबे, तीन खोल्यांचं घर आणि त्या घरापेक्षा चांगलं छप्पर असलेली ट्रॅक्टरची शेड. ट्रॅक्टर डिझेलचा, पण लहानसा, द्राक्षाच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाणारा. घेतला त्याला वीस वर्षं होऊन गेली. त्याचं इंजिन आजवर एकाही मिस्त्र्याने उघडलेलं नाही, हे दाजी ज्या अभिमानाने सांगतात, त्या अभिमानाने लोक आपली मुलं परदेशात असल्याचं सांगतात.

या दीर्घायुष्याचं रहस्य त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं ते ताईच्या लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला. मी उटण्याच्या अंगाने शेडपाशी उभा होतो. "इंजिन चालून झिजत नाय, पाव्हणं," ते हळू आवाजात म्हणाले, जणू ट्रॅक्टरने ऐकू नये. "चालू व्हताना झिजतं. रातभरात सगळं तेल खाली चेंबरात उतरून बसतं. सकाळी तुम्ही धाडदिशी चालू केलं, का वर लोखंडावर लोखंड कोरडं घासतं. तेल वर चढंस्तोवर जे दोन-चार सेकंद जातात ना, तिथंच खरा घात हाय."

तो घात टाळण्यासाठी ते जे करतात, त्याला आमच्या घरात 'काकडआरती' म्हणतात. आधी तेलाची कांडी बाहेर काढून पुसायची, पुन्हा बुडवायची आणि उजेडाकडे धरून डोळे बारीक करून बघायची. मग सीटवर बसून इंजिन बंद करण्याचा दांडा, ज्याला सगळे स्टॉपर म्हणतात, तो ओढलेलाच आहे ना हे पाहायचं. तो ओढलेला असला की डिझेल पुढे जात नाही. मग क्लच दाबून सेल्फ मारायचा. इंजिन नुसतं कण्हतं, फिरतं, पण पेटत नाही. तेवढ्यात तेल वर चढतं. थोडं थांबून पुन्हा एकदा. समोरचा तेलाचा लाल दिवा विझला की मग कुठे स्टॉपर आत ढकलून ट्रॅक्टर खरोखर चालू करायचा, तोही जराही रेस न देता. त्यानंतर इंजिन आपल्याआपण गुरगुरत असताना दाजी हात मांडीवर ठेवून बसून राहतात. या वेळात त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालत नाही. एकदा पावसानंतर बागेवर रोग येऊ नये म्हणून फवारणीची घाई होती. आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांतून ट्रॅक्टर धडधडत निघाले होते आणि दाजी मांडीवर हात ठेवून बसले होते. ताई ओट्यावरून ओरडली, "अहो, लोकांची निम्मी बाग मारून झाली!" दाजींनी तिला नुसता हात दाखवला. मौनव्रत.

थंडीत तर विचारू नका. आमच्याकडच्या पौषातल्या थंडीत पाईपमधलं पाणी गोठायला येतं. त्या दिवसांत दाजी संध्याकाळी इंजिनावर गोधडी पांघरतात. ती गोधडी आमच्या आईने ताईला लग्नात दिलेली होती, हे ताईला तिसऱ्या दिवशी कळलं. "माझ्या आईनं हातानं शिवलीये ती!" ताई संतापली. दाजी शांतपणे म्हणाले, "म्हणून तर घेतली. दुकानातलीला ऊब नसती."

हे वेड मळ्यापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. एकदा ते दोन दिवसांसाठी आमच्याकडे नाशिकला राहायला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींचा मला फोन. "सर, तुमच्याकडचे पाहुणे खाली पार्किंगमध्ये उभे आहेत. लोकांना गाड्या काढू देत नाहीयेत." मी धावत खाली गेलो. एका बँकेतल्या साहेबांच्या गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवून दाजी त्यांना समजावत होते, "एक मिनिट द्या तिला, साहेब. तुम्ही उठल्या उठल्या पळता का?"

आणि त्यांच्या या वेडाला नियतीचीही साथ. गावात एक लग्न होतं, सगळी वस्ती दुपारी जेवायला गेलेली. मागे कुणीतरी ट्रॅक्टर पळवायला आलं. परत येऊन पाहतो तर शेडचं कुलूप तुटलेलं, तारा जोडून सेल्फ मारलेला, बॅटरी पार उतरलेली आणि ट्रॅक्टर जागच्या जागी. दाजी बंद करतानाच स्टॉपर ओढून ठेवतात आणि तो आत ढकलला नाही तर इंजिन जन्मात पेटणार नाही, हे त्या चोराला माहीत नव्हतं. बिचारा सेल्फ मारून मारून थकून गेला असणार. आम्ही हळहळत होतो, पोलिसात जायचं म्हणत होतो. दाजींनी कांडी काढून पाहिली आणि समाधानाने म्हणाले, "काय बी म्हणा, चोरानं तेल मात्र झकास चढवलं."

तीन वर्षांपूर्वीच्या पौषातली गोष्ट. मी सुट्टीत मोटारसायकलवर मळ्यात गेलो होतो. सकाळचे नऊ वाजले असतील, पण गारठा हटला नव्हता. दाजी ओट्यावर दुसरा चहा घेत होते. ताई ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला बागेच्या कडेला गेली आणि तिची हाक आली. ओरडली नाही ती. नुसतं "अहो" म्हणाली. पण दाजींच्या हातातली बशी खाली पडली.

घोणस होती. ताईच्या घोट्याच्या वर दोन ठिपके होते आणि पाय डोळ्यांदेखत सुजायला लागला होता. मळ्यातली पिकअप दुरुस्तीला गेलेली. वाटेतला ओढा पाईपलाईनसाठी खणून ठेवलेला, त्यामुळे बाहेरची जीप आत येणं शक्य नव्हतं, आणि माझ्या मोटारसायकलवर तिचा पाय स्थिर राहिला नसता. मी सडकेलगतच्या मळ्यातल्या आण्णांना फोन केला; ते म्हणाले, "सडकेपर्यंत आणा, मी जीप घेऊन उभा राहतो." ट्रॉली ट्रॅक्टरला आदल्या दिवसापासून जोडलेलीच होती. दाजींनी इंजिनावरची गोधडी ओढून ट्रॉलीत टाकली, ताईला उचलून तिच्यावर निजवलं, मला म्हणाले, "पाय हलू देऊ नका," आणि सीटवर उडी मारली.

त्यांनी कांडी काढली नाही. दिव्याकडे पाहिलं नाही. स्टॉपर आत ढकलला, सेल्फ मारला आणि ते गारठलेलं इंजिन पूर्ण रेस देऊन असं काही पिसाळवलं, की काळ्या धुराचा लोट उठला आणि आतून पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा आवाज आला. तसा आवाज त्या ट्रॅक्टरमधून मी कधीच ऐकला नव्हता. ताईने माझा हात घट्ट धरला. त्या ओढ्यातून, त्या खड्ड्यांतून ते तीन किलोमीटर दाजींनी कसे पार केले, ते मला आजही सांगता येणार नाही. मी सारखा ताईच्या तोंडाकडे पाहत होतो आणि दाजी सारखे मागे वळून माझ्याकडे.

दिंडोरीच्या दवाखान्यात इंजेक्शन सुरू झालं, तिथून नाशिकला हलवलं. किडनीवर परिणाम झाला होता. बारा दिवस ताई आत आणि दाजी बाहेरच्या बाकड्यावर. तेवढ्या दिवसांत आण्णा दोनदा येऊन बागेचं सांगून गेले. ट्रॅक्टर आणून शेडमध्ये लावल्याचंही त्यांनी सांगितलं. दाजींनी नुसती मान हलवली आणि पुन्हा ताईच्या दाराकडे बघू लागले.

ताई बरी झाली. बोलायला लागल्यावर तिने पहिल्यांदा जे सांगितलं ते असं: "साप चावला तेव्हा मला एवढं भ्या नाय वाटलं रे. पण यांनी ट्रॅक्टर एका झटक्यात चालू केला ना, तेव्हा म्हटलं, आता आपलं काय खरं नाय." हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दाजी तोंड फिरवून सलाईनच्या बाटलीकडे बघत बसले.

पुढे महिन्याभराने मी मळ्यात गेलो तेव्हा ट्रॅक्टर चालू होता, पण इंजिनात एक बारीकशी खटखट होती. माझ्यासारख्या शाळामास्तरालाही कळण्याजोगी. मी म्हणालो, "दाजी, त्या दिवशी बरंच झिजलं असेल हो इंजिन."

त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. मग म्हणाले, "झिजलं आसंल. इतकी वर्षं जपलं ते मग कशासाठी, पाव्हणं?"

ताईचा तो पाय अजून संध्याकाळी सुजतो. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलंय, म्हणून उन्हं कलली की दोघं बांधाने शेवटच्या आंब्यापर्यंत जाऊन येतात. दाजी काठीने गवत झोडत पुढे चालतात. पुढे तर ते पूर्वीही चालायचे, लग्नाच्या वरातीतसुद्धा ते चार पावलं पुढेच होते. पण तेव्हा ते मागे वळून बघत नसत. आता दर दोन पावलांनी थांबतात, वळतात, आणि ताई सावकाश त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर तसेच उभे राहतात.