सुई पाहणारे काका

आभाळ जितकं स्वच्छ, तितके काका संशयी. ढगाळ हवेत ते शांत असायचे. लख्ख ऊन पडलं आणि धावपट्टी लांबूनच दिसू लागली, की त्यांची कुरकुर सुरू. विमानात ते कॅप्टन, मी शेजारचा सहवैमानिक. ते दारव्ह्याजवळच्या तांड्यावरचे, मी बाभुळगावचा. कॉकपिटचं दार लागलं की आमची वऱ्हाडी सुरू व्हायची.

धावपट्टी दिसत असली की नजरेनं उतरायची मुभा असते. तरी काका तिच्याकडून येणारे रेडिओचे संकेत आधी लावून ठेवायचे. विमान वाटेपेक्षा उंच आहे की खाली, हे त्यावरून समोरच्या पडद्यावर कळतं. हल्ली तिथे ठिपका सरकतो, पण काकांच्या तोंडी जुन्या यंत्रातली सुईच. "डोये तं सांगतेच, बापा. पण सुईले बी इचार," हे मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे.

कंपनीतली तरुण वैमानिक पोरं चेष्टा करायची, "काका दारव्ह्याच्या काळीपिवळी जीपमध्येही सुई लावूनच बसत असतील." काका म्हणायचे, "बसतो ना. डायवर तुह्यासारखा असला तं."

एका निरभ्र दुपारी आम्ही नागपूरला उतरत होतो. विमान काकांच्या हातात होतं. "लय उंच हाओ आपण," म्हणत त्यांनी नाक खाली घेतलं. मी पडद्याकडे पाहिलं.

"काका, सुई तं आपण खाली हाओ म्हणते."

त्यांनी पडदा पाहिला, बाहेर पाहिलं, पुन्हा पडदा पाहिला. वाद घातला नाही. इंजिनांचा जोर वाढवला, विमान सावरलं आणि म्हणाले, "तू घे. मले बराबर दिसून नाही राह्यलं."

मी उतरवलं. ते खिडकीबाहेर पाहत बसले होते.

ही गोष्ट आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. दुसऱ्याच दिवशी ते आपणहून डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगून आले. डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. उडणं कायमचं बंद झालं. निवृत्तीला अजून अवकाश होता, आणि या माणसाला उडण्यावाचून दुसरा कसला नादही नव्हता.

मी तांड्यावर भेटायला गेलो, तेव्हा काकूंनी चहाचा कप त्यांच्या हातात नीट धरून दिला. मला राहवलं नाही. "काहून सांगतलं, काका? डोयाचा विलाज केला असता गुपचूप. मी कोनाले सांगत होतो काय?"

"मालूम हाय मले," ते म्हणाले. "तू सांगतलं नसतं. मंग रोज माह्या बाजूले बसून भेत राह्यला असता, अन् पुसलं कोनी तं खोटं बोलला असता. तुले कायले असं जगाले लावू?"

परवा ते गेले. तांड्यावरून परतताना जीपमध्ये मी तोंडावर रुमाल धरून रडलो. मी त्यांच्यासाठी खोटं बोललो असतो, अगदी आनंदानं बोललो असतो. त्यांनी ती वेळच माझ्यावर येऊ दिली नाही.