लष्करी ट्रकचा कॉम्प्रेसर आणि खंडेनवमी

बाळांनो,

मागच्या रविवारी तुमच्यातल्या थोरल्याची गाडी बर्फात बंद पडली आणि त्याने ती मला फोनवर दाखवली. मी म्हटलं, आधी इंजिनाचा पट्टा बघ. तुम्ही सगळे हसलात. पट्टाच तुटलेला निघाला, तेव्हा हसणं थांबलं आणि प्रश्न सुरू झाले. आजी इंग्रजी वाङ्मयाची पदवीधर, तिने आयुष्यात स्कूटरसुद्धा चालवली नाही, मग हिला पट्टा कुठून ठाऊक?

याचं उत्तर तुमच्या धाकट्या आजोबांनी दिलं असतं, पण ते गेल्या श्रावणात गेले. आता ही हकिगत माहीत असलेली मी एकटीच उरले, म्हणून लिहून ठेवते. शिवाय त्यांच्या तोंडी ती दर वर्षी वाढत असे. शेवटी शेवटी ट्रकला चौदा चाकं झाली होती आणि कात्रजच्या घाटात वाघ आला होता. चाकं दहा होती. वाघ नव्हता.

धाकटे आजोबा म्हणजे माझे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणत असे. इंटर सायन्सला नापास झाल्यावर त्यांनी दोन नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. घरात वडील नव्हते, त्यामुळे त्यांचं काय करायचं हे सासूबाई आणि त्यांचे भाऊ, म्हणजे मामा, ठरवत. मामांचं लक्ष्मी रोडला कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक आत आलं की मामा विचारत, "घेणार आहात की नुसता हात लावून बघणार आहात?" उत्तर दिलं नाही तर ठाण खाली येत नसे. त्या दुकानात भाऊजींनी गादीवर बसावं, असं ठरत आलं होतं. एका उन्हाळ्यात त्यांना आठवडाभर बसवूनही पाहिलं. घरी आल्यावर ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले आणि म्हणाले, "वहिनी, तिथं मी जन्मभर बसलो तर वेडा होईन. थट्टा नाही." ते नेहमी थट्टाच करत, म्हणून हे माझ्या लक्षात राहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते खडकीला लष्कराच्या जुन्या गाड्यांच्या लिलावाला गेले आणि ट्रक घेऊन आले. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन ट्रक. आमच्या सदाशिव पेठेतल्या गल्लीत त्याचं नाक शिरलं, खांदे शिरले नाहीत. समोरच्या निवृत्त मास्तरांनी खिडकीतून विचारलं की युद्ध संपल्याचं आपल्याला कळलं आहे ना. शेवटी ट्रक कात्रजला नेऊन उभा केला. तेव्हा ते खेडं होतं. तिथले एक शेतकरी ओळखीचे होते, त्यांनी खळ्याशेजारी जागा दिली. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हितं. कोंबड्यांना सावली हाय."

इंजिन चाले. अडचण ब्रेकची होती. त्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालत. इंजिनाला पट्ट्याने जोडलेला एक कॉम्प्रेसर टाकीत हवा दाबून भरी, आणि पायाने दाबलं की ती हवा चाकं आवळी. कॉम्प्रेसर झिजला होता, त्यामुळे टाकी भरत नसे आणि चाकं आवळत नसत. हे सासूबाईंना समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे हवेच्या भरवशावर डोंगर उतरायचा."

मग मामा आणि सासूबाई यांनी मिळून निकाल दिला. दिवाळीच्या पाडव्याला दुकानात नव्या वह्यांची पूजा असे. तोवर हा ट्रक मामांना बसवून कात्रजचा घाट चढून उतरला, तर भाऊजींनी खुशाल ट्रक चालवावा. नाही तर ट्रक भंगारात आणि भाऊजी गादीवर.

कॉम्प्रेसर काढून घरी आणला तो सायकलच्या कॅरियरवर, गोणपाटात बांधून. पुढे तुमचे आजोबा हँडल धरून, मागे भाऊजी ओझं धरून. मंडईपाशी एका बाईंनी थांबवून विचारलं, सुरण कुठल्या गाळ्यावर मिळाला. आजोबा विमा कचेरीत होते आणि खोटं बोलत नसत. त्यांनी तिथे उभं राहून त्या बाईंना हवेचे ब्रेक समजावून सांगितले.

ट्रकबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते वाचून मराठीत सांगण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात बी.ए. मीच. कॉलेजात मी शोकांतिका शिकले होते. या पुस्तकात प्रत्येक पानावर सैनिकाला दम दिलेला असे: जोर लावू नये, घाण जाऊ देऊ नये, अंदाजाने काही करू नये. मला ते फार आवडलं. घरातल्या पुरुषांना हे कुणीतरी छापील सांगायलाच हवं होतं.

दिवाणखान्यात जुनी चादर अंथरून आम्ही कॉम्प्रेसर उघडला. प्रत्येक भाग रॉकेलने धुऊन, पुसून मी वेगवेगळ्या डब्यांत ठेवला आणि डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. सासूबाईंनी मोहरीचा डबा उघडला तर आत स्प्रिंगा. पिस्टनच्या कड्या आजोबांनी जुन्या बाजारातून शोधून आणल्या. सांध्यातून हवा निसटू नये म्हणून मध्ये घालायचं गॅस्केट मी भरतकामाच्या कात्रीने कापलं, आणि ते दोघांनी उजेडाला धरून तपासलं तेव्हा मला परीक्षेचा निकाल लागल्यासारखं वाटलं.

सगळ्यात नाजूक काम झडपांचं. झडप म्हणजे पोलादाची छोटी चकती. ती आपल्या जागी बिनफट बसली पाहिजे, तरच हवा पुढे जाते आणि मागे फिरत नाही. त्यासाठी चकती काचेवर बारीक मलम लावून घासायची, आणि पुस्तक म्हणे, घासताना आठचा आकडा काढायचा. मी तसं सांगितलं. भाऊजी तासभर इमानाने मराठी आठ काढत बसले. मी पुस्तकातलं चित्र दाखवल्यावर त्यांनी विचारलं, अमेरिकन लष्कराला मराठी आठ चालत नाही का. मग त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं.

हे होईतो नवरात्र संपत आलं. कॉम्प्रेसरचं डोकं, म्हणजे झडपांचा वरचा भाग, घासून पुसून तयार झालं. झडपा आत बसल्या होत्या, फक्त त्यांच्या भोकांवरची टोपणं लावायची होती. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मी त्यावर धुतलेलं मलमल झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

तुमच्याकडे ही नसते, म्हणून सांगते. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची, अवजारांची पूजा करतात आणि ती वापरत नाहीत. एरवी आमच्या घरी विळी, कात्री आणि आजोबांचं फाउंटन पेन एवढंच पाटावर येई. त्या वर्षी पाने, हातोडी, पक्कड आणि मधोमध कॉम्प्रेसर. भाऊजींना घाई होती, त्यांनी एक दिवस आधीच पूजा उरकण्याबद्दल विचारून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "उद्या त्याला विश्रांती. तुला चालते, त्याला का नको?"

आजोबांचा पूजेवर विश्वास नव्हता. यंत्राला कुंकू लावणं हे त्यांना शिक्षणाचा अपमान वाटे, आणि ते त्यांनी आंघोळ करून, सोवळं नेसून, पाटासमोर उभं राहून सांगितलं. सासूबाईंनी लक्ष दिलं नाही. त्यांनी आधी माझं मलमल उचललं.

मी म्हटलं, "आई, धूळ जाईल त्यात."

"झाकलेल्या देवाची पूजा कोण करतं?" त्या म्हणाल्या.

हळद-कुंकू झालं, झेंडू झाला, अक्षता झाल्या. पुस्तकात या प्रसंगाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर आम्ही फुलं काढली, कुंकू पुसलं, टोपणं बसवली आणि सुरण पुन्हा सायकलवरून कात्रजला नेला. मीही बसने गेले. कॉम्प्रेसर जागेवर बसला, पट्टा चढला, इंजिन सुरू झालं. टाकीचा दाब दाखवणारा काटा हलला, चढला, अर्ध्यावर आला आणि तिथेच थांबला. इंजिन कितीही ओरडलं तरी काटा पुढे जाईना. अर्ध्या हवेत तो ट्रक सपाटीवर थांबला असता, घाटात नाही.

पुढचा आठवडा आमच्या घरात फार सभ्य शब्दांत भांडण चाललं. आजोबांना भाऊजींच्या झडपांचा संशय होता. भाऊजींना आजोबांच्या कड्यांचा होता. माझ्या गॅस्केटबद्दल दोघंही माझ्यासमोर काही बोलत नसत, त्यामुळे मला सगळं कळत होतं. पट्टा तर आम्ही रोज तपासत होतो. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पूजा केली नसती तर एवढीही हवा भरली नसती."

मामा एका संध्याकाळी आले आणि भाऊजींच्या खांद्याचं माप घेऊन गेले. दुकानात बसणाऱ्याला नवा सदरा शिवत. ते गेल्यावर भाऊजी जेवायला उठले नाहीत.

सकाळी मी म्हटलं, अंदाज पुरे, पुन्हा उघडू या आणि पहिल्या पानापासून जाऊ. कॉम्प्रेसर तिसऱ्यांदा मंडईवरून गेला. कड्या ठीक होत्या. गॅस्केट ठीक होतं, हे मी दोनदा मोठ्याने सांगितलं. मग भाऊजींनी हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेचं टोपण काढलं, चकती चिमट्याने उचलली आणि माझ्याकडे बघितलं. चकतीखाली एक तांदूळ होता. चपटा झालेला, तेलात भाजून बदामी पडलेला, आणि एका टोकाला अजून लाल.

आजोबांना आयुष्यभर ज्या क्षणाची वाट होती तो हाच. त्यांनी तो दाणा बशीत घातला आणि स्वयंपाकघरात जाऊन आईपुढे धरला. सासूबाईंनी चष्मा लावला, नीट पाहिला.

"आंबेमोहोर आहे," त्या म्हणाल्या. मग भाऊजींकडे वळल्या. "एक तांदूळ सोसत नाही तुझ्या यंत्राला. आणि त्यात माझ्या भावाला बसवून घाट उतरवणार आहेस?"

भाऊजींनी या वेळी थट्टा केली नाही. "आई, तांदूळ होता म्हणून अर्धी हवा भरली," ते म्हणाले. "काढला की पूर्ण भरेल. नाही भरली तर मी स्वतः दुकानात जाऊन बसतो."

सासूबाईंनी चष्मा उतरवला. मग म्हणाल्या, "मग मीही येते. अक्षता माझ्या होत्या."

दिवाळीच्या आधी एका सकाळी आम्ही सगळे कात्रजला गेलो. काटा चढला, अर्ध्यावर आला, आणि न थांबता पुढे जाऊन हिरव्या खुणेवर बसला. शेतकऱ्याने कोंबड्या हाकलल्या. सासूबाई पुढे, भाऊजींच्या शेजारी. मामांची जागा त्यांनी घेतली, त्यामुळे मामा, आजोबा आणि मी मागे, बाकावर.

घाट चढून झाला. बोगद्यापाशी ट्रक वळवला आणि उतार सुरू झाला. दुसऱ्या वळणावर गवताने भरलेली बैलगाडी आडवी आली. भाऊजींनी पाय दाबला. दहाही चाकं जिथल्या तिथे थांबली. मग त्यांनी पाय उचलला आणि ब्रेकमधली हवा मोठ्याने फुस्स करून सुटली. मामांना वाटलं टायर फुटला. ते बाकावरून उठले, धोतर सावरत मागून खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला, डोंगराला पाठ लावून उभे राहिले. पुढून सासूबाईंचा आवाज आला, "दादा, वर ये. थांबलाय तो. थांबण्यासाठीच आणलाय ना त्याला."

मामा वर चढले ते पुढे, सासूबाईंच्या पलीकडे दाटीवाटीने. घाट संपेपर्यंत त्यांनी भाऊजींच्या पायावरची नजर काढली नाही. खाली कात्रजला उतरल्यावर त्यांनी उपरणं झटकलं आणि विचारलं, इचलकरंजीहून कापडाचे गठ्ठे आणायचे झाले तर हा भिजवणार तर नाही. भाऊजी म्हणाले, ताडपत्री घालू. मामा म्हणाले, "नवी घाल."

पाडव्याला भाऊजी दुकानात गेले, पण गादीवर बसायला नाही. त्यांनी पंधरा-सोळा गठ्ठे उतरवले, पेढा घेतला आणि निघाले. सदरा शिवून झाला होता, तो त्यांनी गाडी चालवताना विटेपर्यंत वापरला.

पुढे त्यांनी बरीच वर्षं ट्रक चालवले, नंतर दुसरेही घेतले. तो पहिला ट्रक सुटे भाग मिळेनासे झाल्यावर भंगारात गेला. मामांचं दुकान आता नाही. ट्रकचा मागचा लाकडी फाळका मात्र भाऊजींनी ठेवून घेतला होता. तो आपल्या गच्चीवर आहे, आणि उन्हाळ्यात त्यावर पापड वाळतात.