टीबी नाही

शेजारच्या खोलीतला फिटर लातूरकडचा, पंचविशीचा. भोसरीच्या एका कंपनीत कामाला. त्याचं प्रत्येक वाक्य “तसं काही नाही राव” असं सुरू व्हायचं आणि पुढे नेमकं तसंच काहीतरी निघायचं. बरगडी दुखते का विचारलं, तर तसं काही नाही, ओव्हरटाइम जास्त झालाय.

मग छातीत पाणी झालं. तरण्या पोराच्या छातीत पाणी म्हणजे टीबीच, हे डॉक्टरांच्या आधी आमच्या इमारतीने ठरवलं. खोलीतल्या मित्रांनी त्याचं ताट वेगळं केलं. घरमालकांनी खोली सोडायला सांगितलं. पाणी काढलं, तरी पुन्हा भरलं. शेवटी बरगडीचा तुकडा तपासायला गेला.

रिपोर्ट आला त्या दिवशी तो धापा टाकत, पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. आधी घरमालकांपुढे धरला.

“काका, टीबी नाही. हाडाचा कॅन्सर निघाला. तो कुणाला लागत नसतो. आता राहू का?”

“व्हय, राहा की,” घरमालक पेढा उचलत म्हणाले. “उगंच भ्या दाखवलंस, लेका.”

तो सुटल्यासारखा हसला आणि बॉक्स माझ्यापुढे आला. ‘अभिनंदन’ हा शब्द खरोखर माझ्या जिभेवर आला होता. पेढ्याबरोबर तो गिळून टाकला.