उलट्या एसचा दगड

झिओला गँडीला जन्मात पहिल्यांदा कुणी "या, मिसेस गँडी, बसा" म्हणालं, तेव्हा तिनं दचकून मागं बघितलं. तिला वाटलं, मेलेली सासू उठून आली की काय! वर्गातल्या बाकावरच्या बाया तोंडाला पदर नव्हते म्हणून हात लावून हसल्या.

हसणार नाहीत तर काय? दिवसभर गोऱ्यांच्या रानात कपाशी खुरपणारी बाई ती. मुकादमापासून मालकाच्या शेंबड्या लेकापर्यंत सगळ्यांना "ए झिओला". अलाबामातल्या त्या मुलखात गोऱ्याच्या जिभेवर काळ्यासाठी 'मिस्टर' हा शब्द यायचाच नाही. तरणा असला तर "ए पोरा" आणि केस पिकले की "अंकल". मधे बाप्या म्हणून उभं राहायला जागाच ठेवली नव्हती.

तिला अहो-जाहो करणारे ते लेम्युएल स्टॉलवर्थ. स्वतःची जमीन, स्वतःची खेचरं, कुणाचे मिंधे नव्हते. दिवसा नांगर धरायचे आणि दिवेलागणीला चर्चमागच्या खोलीत बाप्या-बायांना अक्षरं गिरवायला लावायचे. मतदार म्हणून नाव लावायचं तर लिहिता-वाचता आलं पाहिजे, अशी गोऱ्यांनी पाचर मारून ठेवली होती.

झिओलाला सगळी अक्षरं वश झाली, एक एस तेवढा होईना. दर वेळी उलटाच उतरायचा.

"मिसेस गँडी, तुमचा एस पुन्हा पाठ फिरवून बसला."

"रुसलाय त्यो, मास्तर. नवऱ्यावर गेलाय माझ्या."

"मग समजूत काढा. कचेरीतल्या साहेबाला रुसवेफुगवे कळत नाहीत."

अशी हसतखेळत माणसं तयार झाली आणि स्टॉलवर्थ त्यांना घेऊन कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, "काय रे लेम, कुणाकुणाला गोळा करून आणलंस?" हे म्हणाले, "माझं नाव मिस्टर स्टॉलवर्थ." बस, एवढंच बोलणं. त्याच आठवड्यात वर्ग सुटल्यावर चर्चच्या पायरीवर कुणीतरी त्यांच्या पाठीत बंदुकीचा बार घातला. कुणी घातला, ते कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. कोर्टात बारा गोऱ्या पंचांनी तंबाखू चघळत त्याला सोडून दिलं.

पुढं थडग्यावर दगड बसवायची वेळ आली. शहरातला पाथरवट म्हणाला, "लेम कोरतो. हवं तर अंकल लेम कोरतो. पण काळ्याच्या दगडावर मिस्टर कोरला, तर उद्या माझं दुकान जळंल."

झिओला तिथून तडक घरी आली. फळ्यांची चौकट ठोकली, सिमेंट कालवून ओतलं आणि ओल्यावर खिळ्यानं, मिस्टरचं एकही अक्षर न गाळता, लिहिलं: मिस्टर एल. स्टॉलवर्थ. वाळल्यावर बघते, तर दोन्ही एस उलटे! प्रेत उचललं तेव्हा तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं. त्या दिवशी मात्र चौकटीजवळ फतकल मारून ती धाय मोकलून रडली. चूक दाखवणाराच मातीत गेला होता, आणि सिमेंटवरचं काही पुसता येत नाही.

तोच दगड थडग्यावर बसला. आजूबाजूची माणसं त्याला 'उलट्या एसचा दगड' म्हणू लागली. पुढं नवरा गेला, पोरं डेट्रॉईटला गेली, गुडघे गेले. झिओला चर्चमधली वडीलधारी 'गँडी आई' झाली. दगडाला दरवर्षी चुना मात्र तीच लावायची.

आणि एक दिवस तरुण पाद्री रफिन तिच्या ओसरीवर आला, हसू लपवत.

"गँडी आई, काउंटी स्टॉलवर्थांचा सन्मान करणार! काळा ग्रॅनाइट बसवणार थडग्यावर." त्यानं फोनवर चित्र दाखवलं.

तिनं चष्मा पुसून वाचलं. "मिस्टर कुठाय?"

"आता दगडावर कुणी मिस्टर घालत नाही, आई. मोठमोठ्यांच्या पण नाही."

"मोठ्यांना घालायची गरजच न्हाई, बाबा. त्यांना जन्मभर मिळालाय."

"मी विचारलं कमिटीला. नमुना ठरलाय म्हणतात."

"आन् माझा दगड?"

रफिननं टोपी हातात फिरवली. "काढावा लागेल. खरं सांगू? एस उलटे आहेत, आई. बाहेरची माणसं येणार, टीव्हीवाले येणार. हसतील."

"हसू देत. त्यांच्या बापानं बंदूक चालवली, लेकानं हसावं."

रविवारी चर्चमध्ये हात वर करून कौल घेतला. नव्या दगडाच्या बाजूनं हातांचं रान उगवलं. तिच्या भाचीचाही हात त्यात होता. झिओलाचा एकटीचा खाली.

जुना दगड काढायला माणसं आली, तेव्हा म्हातारी त्यावर मांडी ठोकून बसली होती. आपलीच काळी पोरं ती. हात लावायची कुणाची छाती झाली नाही. पहारी टेकवून झाडाखाली बसली.

"आजी, ऊन लागंल. उठा की."

"तुझ्या आज्याचं मत या माणसानं मिळवून दिलं. तू बस तिकडं गप."

ऊन डोक्यावर आलं. ती हलली नाही. पण रक्तदाबाची ती मेली गोळी, पाणी काढणारी! माणूस माणसाशी भांडेल, मुताशी कसा भांडणार? शेवटी काठी टेकत चर्चच्या मोरीकडं गेली. परत येईतो दगड उखडला होता. पहार लागून त्याचे तीन तुकडे झाले होते. पोरं मान खाली घालून उभी. शिव्या सगळ्या होत्या तिच्या तोंडाशी, पण कुणाला घालायच्या?

सोहळ्याला तिला पहिल्या रांगेत बसवलं. पडदा सरकला. ग्रॅनाइट आरशासारखा चकचकीत, एस कसा सुईच्या टोकानं काढल्यागत सरळ. तिनं एकेक अक्षर लावून वाचलं: लेम्युएल स्टॉलवर्थ. पुढं-मागं काही नाही.

काउंटीचा अध्यक्ष, हॅडली नावाचा गोरा पोरगा, माइकवरून गहिवरून म्हणाला, "आपला लेम आज असता तर..." लोकांनी टाळ्या वाजवल्या. रफिननंही वाजवल्या.

मग हॅडली खाली उतरला, तिच्यापुढं वाकला आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला. पोरगं मनानं वाईट नव्हतं. डोळे खरंच भरले होते त्याचे.

"झिओला, झालं ना तुझ्या मनासारखं?"

तिला म्हणायचं होतं, मिस्टर स्टॉलवर्थ म्हण आधी. म्हणायचं होतं, मी तुझ्या आजीच्या वयाची, मिसेस गँडी म्हण. सगळं जिभेवर तयार होतं. पण गोरा माणूस वाकून, डोळ्यांत बघून उत्तर मागत होता.

"होय, सर," ती म्हणाली.

तिचं तिलाच ऐकू आलं. तिनं ओठ घट्ट मिटले. हॅडलीनं तिचा हात थोपटला आणि तो पुढच्या माणसाकडं वळला.