सरका म्हणणारे व्याही

सन दोन हजार तेवीस. मला अडुसष्टावं लागलं होतं. त्या साली माझी पक्की खात्री पटली, की दुसऱ्यांच्या अबोल्यानं ज्याचं पोट दुखतं असा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि माझ्या नशिबानं तोच माझा व्याही आहे. कुणाचं कुणाशी वाकडं आहे एवढं नुसतं कानावर आलं की त्यांना चहा गोड लागत नाही. वाकडं असलेली माणसं ओळखीची असायला पाहिजेत असंही काही नाही. एकदा राहात्याच्या बाजारात दोन भाजीवाल्या पाठीला पाठ लावून बसलेल्या त्यांना दिसल्या. पाव किलो मेथी घ्यायला गेलेला हा माणूस दुपारी परत आला, मेथीशिवाय. "पाठीला पाठ लावून कुनी धंदा करतं का? पण आता तोंडाकडं तोंड करून बसल्यात," एवढाच हिशेब त्यांनी विहीणबाईंना दिला. विहीणबाईंनी त्या दिवशी पिठलं केलं.

सगळी उमर त्यांनी लाल गाडीवर कंडक्टरकी केली. मूळचे आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातले, नोकरीपायी इकडं आले आणि इकडचेच झाले. नोकरी सुटली पण कंडक्टर काही सुटला नाही. तिकिटं टोचायचा चिमटा अजून खिशात असतो आणि बोलायला सुरुवात करायच्या आधी तो टिकटिक वाजतो. दोघांच्या बाकावर तिघं कसे बसवायचे हे त्यांना जन्मजात येत असावं. "सरका जरा," एवढंच म्हणतात, पण असं म्हणतात की माणूस सरकल्यावर त्याला कळतं आपण सरकलो. माझ्या मुलीच्या लग्नात माझे दोन चुलतभाऊ, बांधावरून कित्येक वर्षं न बोलणारे, पंगतीत त्यांनी शेजारी आणून बसवले. एक जण ताटावरून उठायला लागला. म्हणाला, "ह्याच्या शेजारी मी जेवनार न्हाई." व्याही म्हणाले, "खरंय तुमचं. सरका जरा, मधी मी बसतो." नवरदेवाचा बाप दोघांच्या मध्ये मांडी घालून बसला आणि दोघांचे निरोप इकडून तिकडं पोचवायला लागला. मठ्ठा येईपर्यंत निरोपाचा कंटाळा येऊन ते दोघं थेट भांडायला लागले होते. तेव्हा व्याही उठले, हात धुतले आणि मला म्हणाले, "पाव्हनं, भांडायला लागली म्हंजे बोलायला लागली. आता मी जेवतो."

नोकरीनंतर ते डाळिंबाच्या पॅकिंग शेडवर मुकादम झाले. मी घरी बसून होतो. शेती मुलाकडं, बायको वारलेली. एक दिवस ते आले आणि म्हणाले, "पाव्हनं, उद्यापासनं शेडवर या." मी चौथी शिकलेला, पण कुणाच्या हाताखाली कधी राहिलेलो नाही. व्याह्याच्या हाताखाली राहायचं म्हणजे लाज वाटण्यासारखी गोष्ट. पण मी पडलो मुलीकडचा. आमच्याकडं मुलीचा बाप व्याह्याला नाही म्हणत नाही, मग व्याही विहिरीत उडी मारा म्हणाला तरी आधी धोतर सावरतो. गेलो. तिथं मला क्रेट उचलायला सांगायचं झालं तर ते आधी स्वतःच्या हातानं चहा आणून द्यायचे, तब्येत विचारायचे, मग म्हणायचे, "पाव्हनं, तेवढं क्रेट." बाया हसून बेजार व्हायच्या. ताराबाई नावाची एक फळं निवडणारी होती, तोंडानं तिखट. ती म्हणायची, "आबा, तुमाला कामाला लावायचं म्हंजे रोज साखरपुडा करावा लागतोय."

नवीन माणूस शेडवर आलं की व्याही त्याची ओळख नावावरून करून देत नसत. नाव कोण ध्यानात ठेवतं, असं त्यांचं म्हणणं. दुखणं ध्यानात राहतं. "ह्या पित्तवाल्या. ह्यांना मान धरती. ह्या टेम्पोवाल्याला झोप लागत न्हाई, गाडीत बसल्यावर सोडून. बोला आता एकमेकांशी." आणि खरंच, दुपारपर्यंत मानवालीला पित्तवालीनं कसलंतरी तेल सांगितलेलं असायचं. शेडच्या मधोमध त्यांनी बसमधली घंटी टांगली होती, दोरीसकट. भांडण चढायला लागलं की एक घंटी, म्हणजे थांबा. मिटलं की दोन, म्हणजे चला. एक घंटी झाल्यावर दोन होईपर्यंत कुणी डाळिंबाला हात लावायचा नाही. मालक एकदा तणतणत आला, माल खोळंबलाय म्हणून. त्यालाही एक घंटी मिळाली.

माझी घंटी वाजायला वेळ लागला. शेडवर मी फळं पेटीत भरायचो आणि काट्यावरचा भागवत वजन करून पेट्यांना चिकटपट्टी मारायचा. माझ्याहून थोडा लहान, अंगानं बारीक, बोलायला फटकळ. एकदा त्यानं माझी पेटी सगळ्या बायांसमोर परत केली. म्हणाला, "बारीक अन मोठं एकातच घातलंय. आबा, चष्मा बदला." बाया हसल्या. ताराबाई तर डोळ्याला पदर लावून हसली. मी त्या दिवसापासून भागवतशी बोलणं टाकलं. निरोप द्यायचा झाला तर ताराबाईकरवी द्यायचो, "त्या काट्याला सांग, पेटी आली." माणसाला मी काटा म्हणायला लागलो. तोही कमी नव्हता. तो म्हणायचा, "त्या चष्म्याला सांग, ठेव म्हनावं." आणि चष्मा मी बदलला नाही. बदलला असता तर तो खरा ठरला असता.

मग एके दिवशी टेम्पो भरताना मला दिसलं, की एका पेटीच्या तळाला पट्टीच मारलेली नाही. भागवत ती उचलायला वाकला होता. ताराबाई पाणी प्यायला गेलेली. सांगायचं तर मला स्वतः बोलावं लागलं असतं. मी डाळिंब पुसत राहिलो. पेटी टेम्पोपर्यंत गेली आणि तिथं तळ सुटला. डाळिंबं पार रस्त्यापर्यंत गेली, एक दोन तर समोरच्या शेरडांनी वाटेत अडवली. भागवत हातात रिकामं खोकं धरून उभा होता आणि माझ्याकडं बघत होता. मला दिसलं होतं हे त्याला कळलं. व्याह्यांनाही कळलं. त्यांनी एक घंटी दिली आणि दोरी हातातच धरून ठेवली. मग म्हणाले, "आता डबे बदलायचे."

रीत अशी काढली, की शनिवारी सगळ्यांचे डबे निवडायच्या टेबलावर ठेवायचे, व्याही ते तिकिटं वाटल्यासारखे वाटणार, ज्याच्या हातात ज्याचा येईल त्यानं तो सगळा खायचा आणि ज्यानं डबा केला त्याच्याबद्दल एक तरी गोष्ट सांगायची. ते म्हणाले, "एका शेडात राबायचं अन दुसऱ्याच्या घरात मीठ किती खात्यात ते ठावं न्हाई, ह्याला काय अर्थ हाय?" पहिल्याच शनिवारी ताराबाईची उपासाची भगर टेम्पोवाल्यानं खाल्ली आणि ताराबाईला त्याची सुकट मिळाली. दोघंही व्याह्यांच्या नावानं बोटं मोडत होते, पण एकत्र मोडत होते.

माझं मात्र धाबं दणाणलं. कारण मी शेडवर सगळ्यांना सांगून ठेवलेलं, की माझा डबा सून करून देते, पहाटे उठून, लई मायेनं. खरं असं होतं, की बायको गेल्यावर एकदा भाजी अळणी झाली आणि मी सुनेला तिच्या भावासमोर बोललो. ती आत गेली. मुलगा म्हणाला, आबा, असं बोलू नये. मी म्हणालो, मग माझं मी करून खाईन. त्यानंतर तिनं कितीतरी दिवस ताट वाढून पाठवलं आणि मी ते परत पाठवलं. शेवटी पाठवायचं बंद झालं आणि पडवीत माझी वेगळी चूल आली. आता माझा डबा उघडला की व्याह्यांना कळणार, घरी जाऊन ते सांगणार, आणि माझ्या मुलीला सासरी ऐकावं लागणार, तुझ्या बापाला सून जेवायला घालत नाही. सुनेचं नाव जाणार ते वेगळंच, आणि तिचा तर काही दोष नाही. म्हणून मी शनिवारचा उपास धरला. व्याह्यांनी वार बदलून मंगळवार केला. मी मंगळवारही धरला. ताराबाई म्हणाली, "आबा, तुमचे देव मुकादमांच्या मर्जीनं वार बदलत्यात व्हय?"

बुधवारी मी हात धुऊन आलो तर माझ्या पिशवीतला डबा टेबलावर. व्याही म्हणाले, "पाव्हनं, आज बुधवार. ह्या वाराचा देव मला तरी ठावका न्हाई." आणि नाही म्हणायची मला सोय नव्हती. त्यांनी माझा डबा भागवतच्या हातात दिला आणि भागवतचा माझ्या.

भागवतच्या डब्यात हुलग्याचे शेंगोळे होते, वर लसणाची फोडणी, आणि पापुद्रा सुटलेली भाकरी. असं मी बायको गेल्यापासून खाल्लं नव्हतं. पण माझं लक्ष घासाकडं नव्हतं. भागवतनं झाकण काढलं. आत एका बाजूला करपलेली, दुसऱ्या बाजूला कच्ची भाकरी, त्यावर माझी पाचही जाडी बोटं उमटलेली, आणि गुठळ्यांचं पिठलं. बाईच्या हातची भाकरी कशी असते हे कुणाला सांगावं लागत नाही. त्यानं एकदा भाकरीकडं बघितलं, एकदा माझ्या हातांकडं. मला वाटलं, आता हा बोलणार, आणि बोलायचा हक्क याला मीच दिलाय, त्या पेटीच्या दिवशी. भागवतनं झाकण अर्धं पुढं ओढलं, डबा स्वतःकडं वळवला आणि खाली मान घालून जेवला. तुकडासुद्धा ठेवला नाही.

ताराबाईनं मान उंच करून विचारलं, "काय दिलंय आबांच्या सुनंनं?"

भागवत तोंड पुसत म्हणाला, "तिखट जरा लई घालती. पन पोटभर घालती. आबांची काळजी हाय तिला."

व्याह्यांनी दोन घंट्या दिल्या. सगळे उठले. मला उठवेना. भर चौकात कुणी धोतर फेडलं असतं तरी एवढी लाज वाटली नसती, जेवढी त्या माणसानं माझी झाकली तेव्हा वाटली. नळावर भागवत माझा डबा घासून घेऊन आला. कुणी नाही असं बघून हळू आवाजात म्हणाला, "आबा, पिठल्यातल्या गुठळ्या दिसत न्हाईत व्हय तुमाला? आता तरी चष्मा बदला." मी हसलो. किती दिवसांनी मी थेट त्याच्याशी बोललो. म्हणालो, "भागवतराव, त्या पेटीचा तळ मला दिसला हुता." तो म्हणाला, "म्हंजे लांबचं चांगलं दिसतंय."

संध्याकाळी व्याही त्यांच्या मोपेडवर मला घरी सोडायला आले. वस्तीच्या वळणावर मी त्यांना थांबवलं. पडवी तिथून दिसते. मी म्हणालो, "पाव्हनं, एक सांगायचं हाय."

"ती पडवीची भिंत काळी झालीय, तेच ना?" ते म्हणाले. "दिवाळीला बघितली."

"माझ्या लेकीला बोललात का काही?"

"तिनंच दाखवली मला. म्हनली, मामा, मला कळलंय हे आबांना कळू देऊ नका, त्यांना लागंल." त्यांनी खिशातला चिमटा काढला, पण वाजवला नाही. "आमच्या घरात त्याचं कुनी तिला एक अक्षर बोललेलं न्हाई. तुमी जिवाला लावून घेऊ नका."

मी तोंड दुसरीकडं केलं. मी मुलीची अब्रू राखायला उपाशी राहत होतो आणि मुलगी माझी राखायला गप्प. सूनही गप्पच असणार, नाहीतर एवढ्यात गावभर झालं असतं. आणि ज्याच्याशी मी बोलत नव्हतो तो करपलेलं खाऊन खोटं बोलला. सगळ्यांनी आपापल्या जागा आवळून मला जागा करून दिली होती आणि मी बाकाच्या मध्ये पाय पसरून बसलो होतो. व्याह्यांनी गाडी वळवली. जाता जाता, मला नाही, त्या पडवीकडं बघून म्हणाले, "सरका जरा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा पिठाचा डबा उचलला आणि आतल्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. सून भाकरी थापत होती. तिनं मागं बघितलं नाही. मी म्हणालो, "शेडवर भागवतराव म्हनून हायेत. त्यांना मी सांगितलंय, माझी सून मला पहाटे उठून डबा देती." तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग मी म्हणालो, "आज दे. अन एक भाकरी त्यांच्यासाठी जादा टाक." तिनं माझ्या हातातला डबा घेतला आणि तो ठेवायला तिच्या पिठाचा डबा जरासा सरकवला.