कोबीच्या पानावरून उसळलेला थेंब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. वर्गात प्रामाणिकपणावर भाषण झोडताना तर नाहीच — आणि ती भाषणं मी झोडतो, निर्लज्जासारखा!

वर्ध्याजवळच्या एका कॉलेजात आम्ही दोघं पीएच.डी. करत होतो. वैशाली केळझरकडची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. फवारणीचा थेंब पानावर आदळला की चिकटतो की उसळतो, हा आमचा विषय. ती खऱ्या पानावर खरे थेंब सोडून कॅमेऱ्यानं टिपायची. मी तेच कॉम्प्युटरवर घडवायचो — सिम्युलेशन. पानं कोबीची. दर सोमवारी बसनं यायची ती, पानं ओल्या फडक्यात गुंडाळून.

तिचा थेंब उसळायचा, दोन-तीनदा. माझा पसरायचा आणि बसून राहायचा.

आता सांगा, चूक कुणाची? तुम्ही कधीतरी कोबी धुतलाय ना? पाणी थांबतं त्यावर?

मला कळत नव्हतं असं नाही. सेमिनारच्या दोन दिवस आधी चूक सापडली होती मला. थेंब पृष्ठभागाला किती धरून राहतो ते ठरवणारा एक कोन असतो. मी काचेचा कोन भरला होता. मेणचट कोबीला — काचेचा! बदलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण मग वर्षभर आमच्या गाइड सरांना दाखवलेले सगळे आलेख केराच्या टोपलीत. मी फाइल बंद केली.

सेमिनारमध्ये सरांनी विचारलं, "तू तपासलंस?"

"तीनदा, सर."

मग सर तिच्यावर घसरले. पानं शिळी, हात कच्चा, कामात घाई. ती माझ्याकडे वळली. "माह्या बापाच्या वावरात कोबीवर पाणी थांबतच नाई. तू तं सांग ना यायले!"

मी प्रोजेक्टरची वायर सरळ करत बसलो. ती सरळच होती.

तिचं काम काढून घेतलं. सहा महिन्यांत तिनं पीएच.डी. सोडली. आणि मग — हे लिहायचंच टाळत होतो — मी तो कोन बदलला. थेंब उसळला, हुबेहूब तिच्या व्हिडिओतल्यासारखा. तिचीच मोजमापं घेऊन मी शोधनिबंधात लिहिलं, 'प्रयोगाशी उत्तम जुळणी'. नावं माझं आणि सरांचं. त्यावर नोकरी लागली. सरांना मात्र मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. फार सोयीचा राग होता तो. त्यांना खोटं सांगितलं कुणी?

गेल्या महिन्यात सिंदीच्या स्टेशनवर ती भेटली. आता हिंगणघाटला अकरावी-बारावीला शिकवते. आपणहून जवळ आली, घरच्यांची चौकशी केली. मग म्हणाली, "एक सांगू का? मले अजूनई वाटते, काऊन चुकलं असन माह्यं मोजमाप? लय जपून केलतं मी."

फलाटावर आम्ही दोघंच उभे होतो. ऐकायला कुणी नव्हतं, भ्यायचं काही नव्हतं.

"असू दे गं," मी म्हणालो. "सुरुवातीला सगळ्यांचंच चुकतं."

धीर देण्याच्या सुरात म्हणालो मी हे! तिचं काहीही चुकलं नव्हतं.

तिनं मान हलवली आणि गाडीत चढली.